पुसलेलं टोकन, उरलेली सावली

गेल्या आठवड्यात डॉकर इमेजचे थर सोलून झाले. आज एन्ट्रॉपीवर, म्हणजे मजकुराच्या यादृच्छिकतेवर, लिहायचं ठरलं होतं, पण एका वाचकाच्या पत्राने मला अडवलं. ते लिहितात, "टोकन मी बिल्डच्या आधीच कोडमधून काढलं होतं. म्हणजे ते कुठल्याच थरात गेलेलं नाही. तरी गुपितं शोधणारा स्कॅनर ते दाखवतो, हे कसं?"

पत्रलेखकाचा तर्क बरोबर आहे, स्कॅनरही बरोबर आहे. मेख पायथनमध्ये आहे. पायथन इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलचं बाइटकोड तयार करून 'पायकॅश' फोल्डरात पीवायसी फाईल ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तेच काम पुन्हा करावं लागत नाही. सूचनांचं रूप बदलतं, पण अवतरणचिन्हांतला मजकूर बदलत नाही. टोकन तिथे अक्षर न् अक्षर शाबूत राहतं. मूळ फाईलमधून ते काढलं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवलाच नाही, तर जुनी पीवायसी तशीच पडून राहते.

2024 च्या जूनमध्ये नेमकं हेच उघडकीला आलं. जेफ्रॉग या कंपनीच्या संशोधकांना डॉकर हबवरच्या एका सार्वजनिक इमेजमधल्या पीवायसी फाईलमध्ये गिटहबचं टोकन सापडलं. ते पायपीआय या पायथन पॅकेजेसच्या भांडाराच्या एका प्रशासकाचं होतं आणि पायथन भाषेच्या मूळ रिपॉझिटरींपर्यंत त्याची पोहोच होती. गिटहबची एपीआय मर्यादा आड येत होती, म्हणून त्या प्रशासकाने आपल्या मशीनवर ते तात्पुरतं कोडमध्ये घातलं होतं. कोडमधून ते निघालं, पीवायसीत राहिलं. कळवल्याबरोबर टोकन रद्द झालं. गैरवापराची खूण मिळाली नाही, पण गिटहबच्या सुरक्षा-नोंदी 90 दिवसांपलीकडे उपलब्ध नव्हत्या. इमेज मात्र मार्च 2023 पासून जून 2024 पर्यंत सर्वांसाठी खुली होती.

मग पीवायसी इमेजमध्ये शिरते कशी? बहुतेकांनी ती गिटइग्नोरमध्ये लिहिलेली असते, म्हणून रिपॉझिटरी स्वच्छ दिसते आणि मन निर्धास्त होतं. पण डॉकर गिटइग्नोर वाचत नाही. त्याची यादी वेगळी, डॉकरइग्नोर. ती नसेल तर 'कॉपी'ची एक ओळ अख्खं फोल्डर उचलून इमेजमध्ये टाकते. म्हणूनच केवळ रिपॉझिटरी तपासून भागत नाही. जी इमेज बाहेर जाते तीच तपासायला हवी, आणि बायनरी फाईल वगळणारा स्कॅनर तिथे उपयोगाचा नाही. जावाच्या क्लास फाईलमध्येही मजकूर असाच टिकतो, हेही ध्यानात ठेवा.

एन्ट्रॉपी पुढच्या आठवड्यात. तोवर प्रत्येक प्रकल्पाच्या डॉकरइग्नोरमध्ये पायकॅश आणि पीवायसी यांच्या दोन ओळी घाला. आणि पत्रलेखकांना कळकळीची विनंती: ती इमेज कुठे पाठवली असेल, तर ती पुसत बसण्याआधी टोकन रद्द करा. उतरवून घेतलेली प्रत कुणालाच परत बोलावता येत नाही.