मुरमाड उतारावरील शालेय फुलबाग : लवकर फुलणाऱ्या रोपांची निवड

यवतमाळ जिल्ह्यात काळी कसदार जमीन शेतीकडे राहते आणि शाळेच्या वाट्यास पुष्कळदा गावाबाहेरचा बरड येतो. चार बोटे माती, तिच्याखाली मुरूम व काळा पाषाण, आणि ती मातीही पावसाबरोबर वाहून जावी असा उतार, हे त्या जागेचे स्वरूप. मुले तेथे उत्साहाने रोपे लावतात. मे महिन्याच्या सुटीत ती करपतात आणि शाळा पुन्हा उघडते तेव्हा मुलांसमोर वाळक्या काड्या उभ्या असतात. यात रोपांची हानी थोडी, मुलांच्या विश्वासाची मोठी. १९३७ साली शेजारच्या वर्धा येथील परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाचा विचार मांडला गेला, तो श्रमातून ज्ञान व आनंद मिळावा म्हणून. श्रम व्यर्थ जातात, असा धडा शाळेच्या बागेने देऊ नये. त्यासाठी रोपांची निवड प्रथम ऋतू पाहून व नंतर मातीची खोली पाहून करावी.

ऋतूचा विचार : झिनिया, झेंडू, कॉसमॉस यांस थंड देशांतील पुस्तके उन्हाळी फुले म्हणतात. तिकडचा उन्हाळा जून ते सप्टेंबर असतो. आपल्याकडे ते महिने पावसाळ्याचे. आपल्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो व पिण्याच्या पाण्याचीच चणचण असते. म्हणून ही फुले येथे मृगानंतरच्या पावसावर घ्यावीत. जूनअखेर पेरलेला झिनिया सहा ते आठ आठवड्यांत, म्हणजे साधारणतः पोळ्याच्या सुमारास फुलतो. झेंडू व तेरडा मागोमाग येतात. ही रोपे काही महिन्यांत आपले आयुष्य पुरे करून बी देतात. पुढचा उन्हाळा ती बीजरूपाने कागदी पुडीत काढतात. बियांना पाणी लागत नाही व त्या करपत नाहीत.

मातीचा विचार : उतारावर चार-पाच ठिकाणी सब्बल मारून मातीची खोली मुलांकडून मोजवून घ्यावी. माती चार बोटेच असेल तेथे चिनी गुलाब लावावा. त्याची मांसल पाने पाणी साठवितात आणि फांदी मोडून खोचली तरी ती रुजते. वीतभर माती असेल तेथे झिनिया, गलांडा व सदाफुली घ्यावी. उताराच्या पायथ्याशी माती व ओल साचते. तेथे झेंडू आणि तेरडा शोभतात. सदाफुलीस गुरे-शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपण नसलेल्या शाळेस ती विशेष उपयोगी. तथापि सदाफुलीचे सर्व भाग व गुलबक्षीच्या बिया विषारी असल्याने त्या तोंडात घालू नयेत, हे मुलांस स्पष्ट सांगावे. पिवळा कॉसमॉस सहज रानात पसरतो. तो लावू नये हेच बरे.

उताराची तयारी : जागेवरचेच दगड वेचून चार-पाच हातांच्या अंतरावर उतारास आडव्या, समपातळीत ओळी रचाव्यात. गवंड्याची पाणसळ मिळाल्यास काम अचूक होते. प्रत्येक ओळीच्या वरच्या अंगास तलावातील गाळ व कुजलेले शेणखत घालावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. दोनशे चौरस मीटर उतारावर २५ मिलिमीटर पाऊस पडल्यास ५,००० लिटर पाणी येते. ते मोकळे वाहिले तर माती नेते. अडविले तर बाग जगविते. हा हिशेब चौथी-पाचवीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा.

पेरणी : पहिल्या सरीवर भुलू नये. दुबार पेरणीचा अनुभव असलेल्या कापूस उत्पादकांच्या मुलांना हे सांगावे लागत नाही. वीतभर ओल गेल्यावरच बी टाकावे. झिनिया व गलांडा दगडांच्या आडोशास जागेवरच पेरावे. चिनी गुलाबाचे बी अगदी बारीक असते. ते वाळूत मिसळून वाफ्यात विखुरावे व मातीने झाकू नये. सदाफुलीचे बी मात्र अंधारात रुजते, म्हणून ते झाकावे. ही रोपे चार-सहा पानांची झाल्यावर उतारावर हलवावीत.

उन्हाळ्याची तरतूद : शाळा चालू असेतो पोषण आहारानंतर हात धुण्याचे पाणी चरातून बागेकडे वळवावे. साठ मुलांनी प्रत्येकी अर्धा लिटर वापरले तरी रोज तीस लिटर पाणी मिळते. मे महिन्याकरिता मात्र जुनी मुरलेली सदाफुली आणि जमिनीत कंद राखणारी गुलबक्षी, एवढ्यांवरच भिस्त ठेवावी. गुलबक्षी वरून वाळली तरी उपटू नये. पावसाबरोबर ती पुन्हा फुटते.

बी राखणे : सुटीपूर्वी निरोगी झाडांची पक्व बोंडे मुलांनी वेचावीत, सावलीत वाळवावीत आणि पुडीवर फुलाचे नाव व तारीख लिहावी. तेरड्याचे बोंड हातात तडकते तेव्हा बीजप्रसाराचा पाठ वेगळा शिकवावा लागत नाही. संकरित झेंडूचे बी पुढे आईसारखे उतरत नाही. शक्यतो गावठी वाण घ्यावा. यंदाच्या चौथीने राखलेली पुडी पुढच्या चौथीच्या हाती गेली, तर बाग एका वर्षाची राहत नाही. बरडावर मोठा बगीचा उभा करणे प्रत्येक शाळेस शक्य नाही; परंतु दगडांच्या चार ओळी आणि बियांच्या चार पुड्या कोणत्याही शाळेच्या आवाक्यातील आहेत.