प्रक्षेपकाच्या परिघाबाहेर

धामणगाव रेल्वेहून अमरावती सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. यवतमाळही साधारण तेवढंच, आणि नागपूर शंभराच्या थोडं पलीकडे. प्रवासाला ही अंतरं काहीच नाहीत, पण दूरदर्शनच्या लहरींना ती फार मोठी. शंभर वॉटच्या लघुशक्ती प्रक्षेपकाची मजल पंधरा किलोमीटरच्या आसपास संपते. नागपूरसारख्या ठिकाणचा दहा किलोवॉटचा उच्चशक्ती प्रक्षेपक सत्तरेक किलोमीटरपर्यंत चित्र नीट पोचवायचा. त्यापुढे पृथ्वीची गोलाईच आड येते. मनोरा दीडशे मीटर उंच धरला आणि घरावरची अँटेना दहा मीटरवर, तरी दोघांची ‘नजरानजर’ साठ-पासष्ट किलोमीटरपर्यंतच होते. दोन शहरांच्या मधल्या गावांनी मग उंच पाइप, बूस्टर आणि चिकाटी या तिघांच्या भरवशावर टीव्ही पाहिला.

मला या लहरींचं वेड शाळेत असल्यापासून आहे, आणि ते लागलं अँटेनामुळे. ॲल्युमिनियमच्या त्या दांड्यांची लांबी कुणी मनाने ठरवलेली नसते. मुंबईचं केंद्र ज्या चार नंबरच्या चॅनेलवर होतं, त्याची चित्रलहर ६२.२५ मेगाहर्ट्झची. तिला लागणारी मुख्य दांडी जवळजवळ सव्वादोन मीटरची. १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात पाच ते बारा नंबरचे चॅनेल येतात. त्यांना पाऊण मीटरच्या आतबाहेरची दांडी पुरते. पाचशे मेगाहर्ट्झच्या आसपास गेलं की जेमतेम तीस सेंटिमीटर. प्रक्षेपकाने चॅनेल बदलला की गच्चीवरचं सगळं धातुकाम बदलावं लागे. ज्यांना हे ठाऊक नव्हतं ते जुनीच अँटेना फिरवत बसत. बाबा गच्चीवर, मी खाली खिडकीशी. “आलं का?” “येऊन रायलं... थांबा, थांबा! गेलं!”

डिसेंबर-जानेवारीत मात्र नवल घडायचं. वारा पडलेला असला की रात्री जमिनीलगतची हवा गारठते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. त्या थरामुळे लहरी खाली वाकतात आणि क्षितिजापलीकडचा प्रक्षेपक आवाक्यात येतो. सकाळच्या बातम्यांना पडद्यावरच्या मुंग्या एकाएकी नाहीशा होत. ऊन चढलं की परत मुंग्या. आमच्याकडे डोंगर आड नसल्यामुळे चित्राच्या मागे दुसरी सावली दिसण्याचा त्रास कमी होता. अडचण असे ती निव्वळ अंतराची.

या वेडापायी वाचत गेलो आणि एका माणसापाशी थांबलो. नाव एकनाथ वसंत चिटणीस. जन्म कोल्हापूरचा, २५ जुलै १९२५. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत विश्वकिरणांवर काम, मग अमेरिकेत एमआयटी, आणि विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून १९६१ साली परत. रॉकेट प्रक्षेपणासाठी थुंबाची जागा हेरण्यात त्यांचा हात होता, एवढं अवकाशप्रेमी वाचकांना माहीत असतं. पण भारतातल्या खेड्यात टीव्ही कसा पोचावा या प्रश्नावर या माणसाने जी मेहनत घेतली, तिच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं. २०२५ च्या ऐन दिवाळीत, २२ ऑक्टोबरला, पुण्यात ते गेले. वयाची शंभरी त्यांनी नुकतीच पार केली होती. फटाक्यांच्या गदारोळात ती बातमी कितीजणांनी वाचली असेल, कोण जाणे.

साराभाईंचा हिशेब साधा होता. मनोरे उभारत शहराशहरातून खेड्याकडे जायचं तर कित्येक दशकं लागतील. उपग्रह थेट खेड्यातून सुरुवात करू देतो. उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याच्या प्रयोगासाठी सप्टेंबर १९६९ मध्ये अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात करार झाला. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाई अचानक गेले. पुढे अवकाश उपयोग केंद्राची धुरा यशपालांकडे आली, आणि या प्रयोगाचे, म्हणजे ‘साइट’चे, कार्यक्रम व्यवस्थापक झाले चिटणीस. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताकडे तोंड करून होता. सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी, रोज चार तास: सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी गावासाठी.

यातली अभियांत्रिकी जवळून बघण्यासारखी आहे. उपग्रहावर नऊ मीटर व्यासाची जाळीदार छत्री होती, म्हणून जमिनीवरची छत्री तीन मीटरची चालली, आणि तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्झवर होतं. उपग्रहाची ताकद बेताची, त्यामुळे चित्र नेहमीच्या पद्धतीने न पाठवता एफएम पद्धतीने पाठवलं जाई. परिणाम असा की बाजारात मिळणाऱ्या साध्या संचावर ते दिसेना. छत्रीखाली एक रूपांतरक लागे, आणि त्यापुढे हैदराबादच्या ईसीआयएलने बनवलेला संच. एकाच चित्राबरोबर दोन आवाज जात, म्हणजे एकच कार्यक्रम दोन भाषांत ऐकवता येई. भाषा चार: हिंदी, तेलुगू, कन्नड, ओडिया. मराठी नाही. ज्या प्रयोगाचा व्यवस्थापक कोल्हापूरचा, त्यात महाराष्ट्रातलं एकही खेडं नव्हतं! मागासलेल्या जिल्ह्यांचे गट पाडून निवड झाली होती, त्यामुळे चिटणिसांना दोष देण्याचं कारण नाही. पण कापसाच्या या पट्ट्यातल्या कोरडवाहू गावांना त्या रांगेत जागा मिळायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

माझ्या दृष्टीने या सगळ्यातला खरा ऐवज वेगळाच आहे. निव्वळ उपग्रहावर विसंबायचं, की उपग्रह आणि जमिनीवरचे प्रक्षेपक यांची सांगड घालायची, हा वाद साठच्या दशकापासून चालू होता. भारत-अमेरिकेच्या संयुक्त अभ्यासाने सांगड घालण्याच्या बाजूने कौल दिला. तिचा नमुना गुजरातच्या खेडा जिल्ह्यात उभा राहिला. पीज नावाच्या गावी एक किलोवॉटचा प्रक्षेपक बसला. उपग्रहावरून आलेलं तर तो दाखवायचाच, पण अहमदाबादेत खेडा जिल्ह्यापुरते बनवलेले कार्यक्रमही दाखवायचा. गावची माणसंच त्यात काम करत, विषय सुचवत. ‘चतुर मोटा’, ‘हूं ने मारा ए’ या मालिका तिथल्या बोलीत, तिथल्या भांडणांवर होत्या. हुंडा, विधवाविवाह, सावकारी, मजुरी, सगळं नावागावासकट. १९८४ साली युनेस्कोने ग्रामीण संज्ञापनाचा आपला पहिला पुरस्कार या खेडा प्रकल्पाला दिला.

पुढच्याच वर्षी दिल्लीने ठरवलं की पीजचा प्रक्षेपक उचलून मद्रासला न्यायचा. तिथे दुसरी वाहिनी सुरू करायची होती. महानगराला दुसरा चॅनेल हवा म्हणून एका जिल्ह्याचा पहिला काढून घ्यायचा! गावकरी आडवे आले. एका यंत्रासाठी शेतकरी रस्त्यावर उतरल्याचं असं दुसरं उदाहरण मला भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासात सापडलेलं नाही. ती माणसं करमणुकीसाठी भांडत नव्हती. करमणूक अहमदाबादहूनही आली असती. पीजवर त्यांना स्वतःची माणसं दिसत होती, म्हणून ती भांडली. प्रयोग मात्र शेवटी मोडीत निघाला.

आपल्याकडे काय झालं ते थोडक्यात. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी केंद्र, १९७३ मध्ये सिंहगडावरून पुण्याला पुनःप्रक्षेपण. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेल्यावर ग्रामीण कार्यक्रमांसाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र आला आणि त्याचा मान नागपूर परिसराला मिळाला; वऱ्हाड बाहेरच. १९८४ च्या उत्तरार्धात देशभर जवळजवळ रोज एक लघुशक्ती प्रक्षेपक सुरू होत होता. सरकारी जाहिरातींना हा वेग शोभून दिसला. पण यातल्या बहुतेक ठिकाणी एक छत्री, एक प्रक्षेपक आणि दोन-चार तंत्रज्ञ यांपलीकडे काही नव्हतं. दिल्लीहून आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलायचं. कॅमेरा नाही, माइक नाही. वऱ्हाडातला प्रेक्षक पीजसारखा कधीच पडद्यावर आला नाही. तो फक्त पाहत राहिला.

मग डिजिटल आलं. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरदर्शनने डीव्हीबी-टी२ पद्धतीचं भूप्रक्षेपण सोळा शहरांत सुरू केलं. महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद. विदर्भातलं एकही शहर नाही. जुन्या एका चॅनेलच्या जागेत पाच वाहिन्या, मोबाइलला छोटा डोंगल जोडला तरी चित्र, आणि वर्गणी शून्य. हजारो बारीक वाहक लहरींवर माहिती विभागून पाठवल्यामुळे मागाहून येणारा प्रतिध्वनी चित्र बिघडवत नाही. मुंग्याही नाहीत: चित्र आलं तर स्वच्छ, नाहीतर कोरा पडदा. परिघावरच्या गावांना ही गोष्ट जाचक असते, कारण मुंग्यांतूनही बातम्या ऐकता येत. डिजिटलमध्ये तेवढीही सवलत नाही.

एवढ्यात प्रसार भारतीने जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद करायला घेतले. २०२१ च्या त्यांच्या निवेदनातले आकडे मी पुनःपुन्हा वाचले आहेत. २०१७-१८ मध्ये ३०६, पुढच्या वर्षी ४६८, मग ६, मग ४६, आणि शेवटचा ४१२ चा हप्ता तीन टप्प्यांत, मार्च २०२२ पर्यंत. मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक तेवढे राखले. वर्षाला सुमारे शंभर कोटी वाचतील आणि लहरींचा पट्टा मोकळा होईल, हे कारण. ते खोटं नाही. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत छत्रीने खेड्यापाड्यांत प्रक्षेपकाची गरजच संपवली होती. गच्चीवरचे उंच पाइप तोवर कपडे वाळवायच्या दोऱ्या बांधायला लागले होते.

आवाज उठला तो इतरत्र. गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, इथलं केंद्र बंद होणार अशा बातम्या आल्या आणि प्रसार भारतीला खुलासा करावा लागला की केंद्र राहील, कार्यक्रमनिर्मिती उपग्रह वाहिनीसाठी आणि यूट्यूबसाठी चालूच राहील. हे तेच गुलबर्गा, जिथे ‘साइट’ संपल्यावर १९७७ साली प्रयोगातल्या गावांसाठी प्रक्षेपक बसवला होता. ज्या गावाला स्वतःचे कार्यक्रम मिळाले होते, तिथे बंद होण्याची चर्चा झाली, खुलासे निघाले. वऱ्हाडात लोकांकडे गमावण्यासारखं स्वतःचं काहीच नव्हतं. आपण गप्प राहिलो, यात आश्चर्य नाही.

आता भांडण उरलेल्या पट्ट्याचं आहे. ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ. मोबाइलवर इंटरनेटशिवाय थेट प्रक्षेपण उतरवण्याचं तंत्र आयआयटी कानपूर आणि बंगळूरच्या सांख्य लॅब्जने पुढे आणलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये माहिती व प्रसारण खात्याच्या सचिवांनी हा पट्टा त्यासाठी राखून ठेवण्याची भूमिका मांडली. एकोणीस शहरांत चाचण्या घेण्याचं जाहीर झालं. मोबाइल कंपन्यांचा याला विरोध आहे. चित्रं लोक फुकट पाहू लागले तर डेटा कोण विकत घेणार, ही त्यांची चिंता मला समजते, पण पटत नाही. लहरी सर्वांच्या मालकीच्या आहेत आणि त्यातला एक आठ मेगाहर्ट्झचा तुकडा अमरावती विभागाला सहज देता येईल. त्यावर दिल्ली-मुंबईचंच पुन्हा दाखवायचं असेल तर मात्र तो मागण्यात अर्थ नाही, ते छत्रीवर दिसतंच.

आपल्याला हवं आहे ते पीजला होतं. धामणगावच्या बाजार समितीतला तुरीचा आणि कापसाचा आजचा भाव, बोंडअळी कुठवर आली, वर्धेचं पाणी किती चढलं, यवतमाळ रस्ता कुठे बंद आहे, एवढं वऱ्हाडी बोलीत रोज पंधरा मिनिटं. त्याला लागणारा एक किलोवॉटचा प्रक्षेपक आणि एक छोटा स्टुडिओ १९७५ सालीही महाग नव्हता.