स्नेहसंमेलनाचा ताळेबंद

हिवाळी सत्राच्या परीक्षा आटोपून महाविद्यालये पुन्हा गजबजली, की जालना शहरात स्नेहसंमेलनाची चाहूल लागते. महाविद्यालयाचा मुख्य सोहळा प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होतो. मात्र शेवटच्या वर्षाचा वर्ग निरोपापूर्वी स्वतःचा जो छोटेखानी मेळावा भरवतो, त्याची सारी जबाबदारी विद्यार्थ्यांच्याच खांद्यावर असते. घरातील वडीलधाऱ्यांना ही केवळ हौस वाटते. वास्तविक दुसऱ्यांचा पैसा हाताळण्याचा अनेक मुलामुलींचा हा पहिलाच प्रसंग असतो.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण या बाजारपेठेने कमावली. त्या बाजारपेठेचे आणि येथील शिक्षणाचे नाते जुने आहे. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातील तरुणांना हैदराबादची वाट धरावी लागे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि चित्र पालटले. जालना एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयातील कला, वाणिज्य व विज्ञान शाखा अनुक्रमे बगडिया, लखोटिया व बेझन्जी ही नावे आजही धारण करतात. अशा गावात वाणिज्य शाखेच्या वर्गाने आपल्या मेळाव्याचा हिशेब चोख ठेवावा, ही अपेक्षा वावगी नाही.

पहिला प्रश्न नेतृत्वाचा. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठे कायद्याने विद्यार्थी परिषदेवर गुणवत्तेनुसार वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली; २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. परंतु सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी उत्तम खजिनदार असेलच असे नाही, आणि सर्वाधिक मते मिळवणाराही नाही. म्हणून शहाणा वर्ग कामे वाटून घेतो. पैसे एकाने स्वीकारावेत, खर्च दुसऱ्याने करावा आणि नोंदवही तिसऱ्याने लिहावी. पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलेला हा नियम वर्गालाही तितकाच लागू पडतो.

दुसरा प्रश्न वर्गणीचा, आणि खरी कसोटी येथेच लागते. समजा, वर्गात साठ विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकी ३०० रुपये ठरले. कागदावर १८,००० रुपये जमले. उत्साहाच्या भरात तेवढ्याच खर्चाचा बेत आखला जातो. पण अंबड, परतूर, भोकरदन या भागांतून एसटीने येणाऱ्या, शेतमजुरी करून शिकणाऱ्या मुलामुलींना ही रक्कम जड जाते. ती मुले ‘काम आहे’ असे सांगून त्या दिवशी येतच नाहीत. मोबाइलवरील गटात थकबाकीदारांची यादी टाकणे म्हणजे त्यांच्या गरिबीची दवंडी पिटणे होय.

याउलट, नऊजण काहीच देऊ शकणार नाहीत असे गृहीत धरून बेत आखला तर? एक्कावन्न जणांचे १५,३०० रुपये होतात. पाच प्राध्यापक धरून पासष्ट ताटे, प्रत्येकी १६० रुपये दराने १०,४०० रुपये. ध्वनिव्यवस्था २,५०० रुपये. सजावट व भेटवस्तू १,५०० रुपये. एकूण १४,४०० रुपये. तरीही ९०० रुपये शिल्लक राहतात आणि साठही जण एका पंगतीत बसतात. कोणी किती दिले, हे खजिनदाराखेरीज व नोंदवही लिहिणाऱ्याखेरीज कोणालाही कळण्याचे कारण नाही. खर्चाची पावती मात्र सर्वांना दिसली पाहिजे. देणाऱ्याचे नाव झाकावे, खर्चाचा आकडा उघडा ठेवावा.

तिसरा प्रश्न वेळेचा आणि भोजनाचा. सायंकाळचा झगमगाट तरुणांना मोहवतो. परंतु रात्री गावी परतायला एसटी मिळेलच असे नाही, आणि मुलींच्या घरी काळजी सुरू होते. सकाळी अकराला आरंभ करून चारपर्यंत समारोप केला, तर हा प्रश्नच उरत नाही. चौविहार पाळणाऱ्या मुलांचीही सोय आपोआप होते. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेला एखादा पदार्थ वेगळ्या भांड्यात ठेवावा, अशी विनंती आचाऱ्याला आधीच केली तर कोणालाही उपाशी बसावे लागत नाही. मात्र आपली शिस्त आपल्या ताटापुरती असते. तिच्यासाठी साऱ्या वर्गावर सक्ती नको, याचे भान आपल्या मुलांनीही ठेवावे.

शेवटचा प्रश्न विनोदाचा. ‘फिशपाँड’ हा संमेलनाचा लाडका भाग. निनावी चिठ्ठीतून मारलेली कोपरखळी गोड असते. पण एखाद्याचा रंग, जात, अडखळती वाणी किंवा मुलीचे नाव कोणाशी तरी जोडणे ही थट्टा नव्हे. छळाला थट्टेचे नाव दिल्याने तो छळ उरत नाही असे नाही, म्हणूनच महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन मुले व दोन मुली यांनी सर्व चिठ्ठ्या आदल्या दिवशी वाचाव्यात. ज्याच्यावर ती चिठ्ठी आहे तो स्वतः हसू शकेल का, एवढा एकच निकष पुरे.

मेळावा संपल्यावर आठवड्याच्या आत जमा-खर्च फलकावर लावावा आणि शिल्लक रकमेचे काय करायचे ते वर्गाने मिळून ठरवावे. पुढे दुकानाची गादी किंवा संस्थेचे विश्वस्तपद सांभाळताना हीच सवय कामी येते. तेव्हा मुलगा किंवा मुलगी संमेलनाहून घरी परतल्यावर ‘मजा आली का?’ असे अवश्य विचारावे. पण त्याबरोबर ‘सगळे आले होते का?’ हेही विचारावे. संमेलनाचा खरा ताळेबंद त्या दुसऱ्या उत्तरातच असतो.