पॅकेट-गाळणीतील डेटा स्ट्रक्चरची निवड : ‘पीएफ’चे उदाहरण

संगणकांच्या जाळ्यातून माहिती लहान लहान तुकड्यांच्या, म्हणजे पॅकेटच्या, रूपाने प्रवास करते. आलेले पॅकेट पुढे सोडावे की अडवावे, हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, अर्थात कर्नेलमध्ये, घेतला जातो. त्यासाठी मिळणारा अवधी अत्यल्प असतो. एक गिगाबिट क्षमतेच्या इथरनेटवर सर्वांत लहान पॅकेट सलग येत राहिल्यास त्यांची संख्या सेकंदाला सुमारे १४,८८,००० होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ६७२ नॅनोसेकंद येतात. म्हणूनच नियम आणि नोंदी स्मृतीत कोणत्या रचनेत ठेवाव्यात, हा प्रश्न येथे केवळ सोयीचा राहत नाही.

या दृष्टीने ओपनबीएसडीतील ‘पीएफ’ ही गाळणी अभ्यासण्यासारखी आहे. ‘आयपीफिल्टर’ ही पूर्वीची गाळणी परवान्याच्या वादामुळे मे २००१ मध्ये काढून टाकावी लागली. तिच्या जागी डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेली पीएफ डिसेंबर २००१ मधील ३.० या आवृत्तीत समाविष्ट झाली.

पीएफमधील नियम एका सरळ यादीत असतात. लागू पडणाऱ्या नियमांपैकी शेवटचा ग्राह्य धरला जात असल्याने सामान्यतः संपूर्ण यादी तपासावी लागते. हा खर्च कमी करण्यासाठी एक साधी युक्ती योजिली आहे. लागोपाठच्या वीस नियमांत इंटरफेस एकच असेल आणि पहिल्याच नियमात तो जुळला नाही, तर उरलेले एकोणीस नियम एका उडीत ओलांडले जातात. या उड्यांची लांबी नियम भरतानाच मोजून ठेवलेली असते.

तथापि खरी बचत होते ती स्थिती-नोंदींमुळे. संवादातील पहिले पॅकेट नियमांतून पार झाले की त्याची नोंद होते. पुढील पॅकेटसाठी फक्त ती नोंद शोधायची असते. शोधाची किल्ली म्हणजे दोन्ही टोकांचे पत्ते, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत हे सारे मिळून अवघे १३ बाइट. हा शोध हॅश सारणीत करावा की संतुलित द्विशाखी वृक्षात?

पाठ्यपुस्तकी उत्तर हॅश सारणी असे येईल, कारण तिचा सरासरी शोधकाल नोंदींच्या संख्येवर अवलंबून नसतो. हार्टमायर यांनी मात्र प्रारंभी एव्हीएल वृक्ष निवडला. पुढे त्याची जागा रेड-ब्लॅक वृक्षाने घेतली. २००२ मधील यूजनिक्स परिषदेतील निबंधात त्यांनी दिलेले कारण मार्मिक आहे. गाळणीपुढे येणारी माहिती यदृच्छया आलेली नसते. ती प्रतिपक्षही निवडू शकतो. एकाच कप्प्यात पडतील असे पत्ते व पोर्ट हेरून त्याने जोडण्या उघडल्या, की त्या कप्प्यात लांबलचक साखळी तयार होते आणि शोध रेषीय बनतो. एव्हीएल वृक्षात मात्र १,००,००० नोंदी असल्या तरी, प्रतिपक्षाने काहीही केले तरी, सुमारे २४ तुलनांपेक्षा अधिक लागत नाहीत.

ही भीती काल्पनिक नव्हती. राइस विद्यापीठाच्या स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनी २००३ मध्ये ‘ब्रो’ या घुसखोरी-शोधक प्रणालीवर असाच प्रयोग केला. डायल-अप मोडेमपेक्षाही कमी वेगाने पाठविलेल्या, परंतु हेतुतः निवडलेल्या पॅकेटमुळे ती प्रणाली सहा मिनिटांत ७१ टक्क्यांपर्यंत वाहतूक गमावू लागली.

यावर उपाय असा की, हॅश फलनात एक गुप्त यादृच्छिक संख्या मिसळावी, म्हणजे कोणती नोंद कोणत्या कप्प्यात पडेल हे बाहेरच्याला कळत नाही. फ्रीबीएसडीने पीएफची आपली प्रत २०१४ मधील १०.० या आवृत्तीत अशाच हॅश सारणीवर आणली. त्यामागील मुख्य कारण वेगळेच होते. वृक्षात नवी नोंद घालताना फांद्या फिरवाव्या लागतात. त्यामुळे कुलूप संपूर्ण वृक्षाला घालावे लागते आणि इतर प्रोसेसर ताटकळतात. हॅश सारणीत प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र कुलूप देता येते. एकाच प्रोसेसरच्या काळात या मुद्द्याला फारसे महत्त्व नव्हते, हे लक्षात घेतल्यास हार्टमायर यांची निवड चुकीची ठरत नाही.

हॅश सारणीची एक मर्यादा मात्र येथेही उरते. कप्प्यांची संख्या यंत्र सुरू होतानाच ठरते. व्यवस्थापकाने केवळ नोंदींची कमाल मर्यादा वाढवली आणि कप्पे तेवढेच ठेवले, तर कोणीही हल्ला न करताच साखळ्या लांबू लागतात.