'टँक' म्हणजे टाकी, रणगाडा की तलाव? गोंदियाला तिसरा अर्थ ठाऊक असायलाच हवा

गोंदिया : 'टँक' हा शब्द ऐकला की कुणाला घराच्या छतावरची पाण्याची टाकी आठवते, कुणाला गाडीची पेट्रोलची टाकी, तर कुणाला रणांगणावरचा रणगाडा. पण गोंदिया जिल्ह्यातील सरकारी कागदपत्रांत 'एमआय टँक' किंवा 'मालगुजारी टँक' असे लिहिलेले दिसले, तर तिथे यापैकी काहीच नसते. तिथे असतो गावचा तलाव. या एका शब्दाचे इतके अर्थ कसे झाले, जाणून घेऊया.

शब्द इंग्रजी, मूळ आपल्याच मातीतले

'टँक' हा शब्द इंग्रजीत भारतातून गेला, असे शब्दकोशकार मानतात. गुजरातीतील 'टांकुं' आणि मराठीतील 'टाके' हे त्याचे मूळ. पाणी अडवून साठवण्याची जागा या अर्थाच्या 'टँके' या पोर्तुगीज शब्दाचाही त्यावर प्रभाव पडला. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना 'टाके' म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. म्हणजे आपण ज्याला इंग्रजी शब्द समजतो, तो आपलाच शब्द इंग्रजीची फेरी मारून परत आला आहे.

मग रणगाड्याला 'टँक' का म्हणतात?

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने हे चिलखती वाहन गुपचूप तयार केले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ती पाण्याची टाकी असल्याचे भासवले गेले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत ते प्रथम उतरले. गुपित फुटले, पण नाव कायम राहिले.

समानार्थी शब्द कोणते? कुठे काय वापरावे?

* रिझर्व्हायर : धरणामागचा मोठा जलाशय. उदाहरणार्थ, इटियाडोह.
* सिस्टर्न : बांधीव किंवा बंद टाकी.
* पाँड : लहान तळे. आपल्याकडच्या 'बोडी'ला जवळचा शब्द.
* लेक : सरोवर, बहुधा नैसर्गिक.
* टँक : भारतीय इंग्रजीत पाळ बांधून पावसाचे पाणी अडवलेला तलाव.

'थिंक टँक' म्हणजे विचारवंतांचा किंवा अभ्यासकांचा गट. बोलीभाषेत एखादा सिनेमा 'टँक' झाला म्हणजे तो साफ आपटला.

गोंदियात 'टँक' म्हणजे मामा तलाव

भंडारा-गोंदिया हा तलावांचा प्रदेश. इथले बरेचसे जुने तलाव कोहळी समाजाने बांधले. उताराची जमीन आणि पाण्याची वाट ओळखून मातीची पाळ घालण्यात हा समाज निष्णात होता. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. धानाला पाणी, जनावरांना पाणी, ढिवर बांधवांना मासे आणि शिंगाडा, हे सारे एकाच तलावातून मिळे.

मालगुजारी काळात देखभालीची जबाबदारी मालगुजार आणि गावकरी यांच्यावर होती. १९५० च्या कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून ते 'माजी मालगुजारी', म्हणजेच 'मामा' तलाव झाले. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात.

अर्थ माहीत असणे का गरजेचे?

मुंबईत याचे उत्तर सापडते. ज्या गोवालिया टँक मैदानावरून १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक दिली गेली, तिथे आज तलाव नाही. सी. पी. टँक आणि धोबी तलाव यांचेही तेच झाले. तलाव बुजले, नावे उरली.

गोंदियातील तलावांसमोरही गाळ, बेशरमची झाडे आणि अतिक्रमण ही संकटे आहेत. गाळ साचला की पाणी कमी मावते. मग पावसाने दडी मारली की धानाला ऐनवेळी पाणी मिळत नाही. गाळ काढून तो शेतात टाकण्यासाठी राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातील लोकांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आणि मासे वाढवण्याचा मार्ग दाखवला.

त्यामुळे ग्रामसभेत किंवा एखाद्या आराखड्यात 'टँक' हा शब्द आला, तर पुढचे पान उलटण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : हा आपल्या गावचा कोणता तलाव, आणि त्याची पाळ आज कोण सांभाळते?