२ चा १०० वा घात किती अंकी?
गुणाकार करत बसू नका. लॉगॅरिदममध्ये घातांक पुढे येऊन गुणला जातो. पाया १० धरला तर लॉग २ म्हणजे सुमारे ०.३०१०३. त्याला १०० ने गुणा: ३०.१०३. म्हणजे ही संख्या १० च्या ३० व्या घातापेक्षा मोठी, ३१ व्यापेक्षा लहान. अंक ३१! मला हे आजही विलक्षण वाटतं.

लॉग ४ + लॉग २५ चंही तसंच. आतल्या संख्यांचा गुणाकार करा: लॉग १००, उत्तर २. जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिदम मांडले ते किचकट गुणाकारांच्या अशा सोप्या बेरजा व्हाव्यात म्हणूनच.

फक्त लॉग (४ + २५) कधीही फोडू नका, तसा नियमच नाही.

आता ३ चा १०० वा घात घ्या. लॉग ३ सुमारे ०.४७७१२. अंक किती येतात, करून पाहा.