वृद्धांसाठी घरगुती आरोग्यसाधने : निवड, वापर आणि निगा

२०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या देशात सुमारे १० कोटी ३८ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ११ लाख होती. उरलेले दिवस आपल्याच घरात, आपल्या माणसांत आणि शक्यतो कोणावर भार न होता जावेत, एवढीच यांपैकी बहुतेकांची इच्छा असते. ती पुरी होणे पुष्कळदा मोठ्या रुग्णालयापेक्षा हातातील काठीवर, कानातील लहानशा यंत्रावर किंवा न्हाणीघरातील आधाराच्या दांडीवर अवलंबून असते. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, की कालपर्यंत स्वतः देवळात जाणारी व्यक्ती अंथरुणाला खिळते, आणि तिच्याबरोबर साऱ्या घराची घडी विस्कटते.

ही साधने गरजूंपर्यंत पोहोचावीत म्हणून केंद्र शासनाने १ एप्रिल २०१७ रोजी ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ सुरू केली. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’त ६५ वर्षे पूर्ण केलेल्या पात्र व्यक्तींच्या बँक खात्यात चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा आदी साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये जमा करण्याची तरतूद करण्यात आली. तथापि, साधन घरात आले म्हणजे काम संपले, असे मानणे चुकीचे ठरेल. ते अंगाला बेताचे आहे काय, ते वापरावे कसे आणि त्याची निगा कोणी राखावी, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर ते कोनाड्यात पडून राहते.

काठीचे माप

सर्वांत साधे साधन काठी. नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे व हात सैल सोडावेत. काठीची मूठ मनगटाशी आली पाहिजे. काठी फार लांब असल्यास खांदा उचलला जातो, आखूड असल्यास कंबर वाकते. दुखऱ्या पायाच्या बाजूस काठी धरण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. वस्तुतः ती विरुद्ध हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा; उतरताना काठी व दुखरा पाय आधी. टोकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले, की काठी आधार देण्याऐवजी घसरते. म्हणून ते वेळीच बदलणे अगत्याचे आहे.

रक्तदाबाची नोंद

दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजणारी स्वयंचलित यंत्रे आता अनेक घरांत आली आहेत. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी, पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार द्यावा, पावले जमिनीवर टेकवावीत आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. पट्टा दंडाच्या जाडीला योग्य असावा. तो बाहीवरून बांधू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून आकडे तारखेसह वहीत लिहावेत. घरी घेतलेल्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एका आकड्यावरून घाबरून जाऊ नये, आणि आपल्या मनाने गोळी वाढवू वा बंद करू नये. रात्री अंथरुणातून एकदम उठल्यास काहींचा रक्तदाब उतरून भोवळ येते. अशांनी क्षणभर कडेला बसून मगच उभे राहावे.

श्रवणयंत्राची सवय

कमी ऐकू येणारी व्यक्ती हळूहळू संभाषणातून बाहेर पडते, आणि हा एकाकीपणा घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. श्रवणयंत्र घेण्यापूर्वी कान तपासून घ्यावेत. काही वेळा मळ साचणे हेच कारण असते. यंत्र मिळाल्यावर ते प्रथम शांत खोलीत थोडा वेळ लावावे व हा काळ रोज वाढवीत न्यावा. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाजही असह्य वाटतो. म्हणून यंत्र टाकून देऊ नये. घरच्यांनीही ओरडण्याऐवजी समोर बसून सावकाश बोलावे. यंत्राला पाणी व पावसाळी दमट हवा यांपासून जपावे.

गावाने करावयाचे काम

याखेरीज न्हाणीघरात व शौचालयात भिंतीला पक्की बसविलेली दांडी, खडबडीत फरशी आणि रात्री वाटेवर मंद दिवा, एवढ्या अल्प खर्चाच्या सोयींनी अनेक अपघात टळू शकतात. दूरध्वनीचाही मोठा आधार आहे : ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तर ‘ई-संजीवनी’ सेवेद्वारे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो.

ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील ज्येष्ठांची यादी करून कोणाकडे कोणते साधन आहे व ते वापरात आहे काय, याची आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने पाहणी करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आजी-आजोबांच्या काठीचे माप पाहण्यास व रक्तदाबाची वही लिहिण्यास शिकवावे. अधिकाऱ्यांनी वाटपाच्या आकड्यांबरोबरच सहा महिन्यांनंतर वापरात असलेल्या साधनांचा आकडाही मागावा. योजनेचे खरे यश त्या दुसऱ्या आकड्यात दिसेल.